आतलं बटण

लातुरात कुठल्याही अभ्यासिकेत जा, दाराच्या आतल्या बाजूला, भिंतीवर छातीच्या उंचीला, एक हिरवं बटण असायचंच. दाबलं की दारावरचं चुंबकाचं कुलूप सुटायचं आणि माणूस बाहेर. त्या बटणाकडे आयुष्यात कुणी नीट बघितलं नसेल. अंबादास कुलथेनं मात्र पंचवीस वर्षांत अशी हजारभर बटणं बसवली होती, आणि त्या उन्हाळ्यात तो तीच बटणं उपसून काढत गावभर फिरत होता.

बिराजदार सरांच्या अभ्यासिकेतलं बटण काढायला त्याला सात मिनिटं लागली. ही अभ्यासिका तळघरात. ऐंशी खुर्च्या, प्रत्येक खुर्चीला प्लायवूडचा आडोसा, खिडकी एकही नाही. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून जाडजूड दार, कडेनं रबर, मधोमध तळहाताएवढी काच. मोबाइल वर काउंटरच्या कप्प्यात ठेवून जायचं. वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा देणारी पोरं सकाळी सातला आत शिरायची ती संध्याकाळीच बाहेरचा उजेड बघायची. त्यांतच सव्वीस नंबरच्या खुर्चीवर अंबादासची स्वतःची लेक बसायची, शिवकन्या.

पाणी प्यायला उठली आणि बापाला बघून थांबली.

"पप्पा, बटण कशाला काढायलात?"

"ह्याच्या जागी सोबती आलाय. तू दाराजवळ आलीस की ते आपोआप उघडतंय. हात लावायचं कामच नाही."

"आणि नाही उघडलं तर?"

"का नाही उघडणार?"

शिवकन्या त्याच्या हातातल्या कोऱ्या पांढऱ्या झाकणाकडे बघत राहिली. "मी दाबत नव्हते फारसं," ती म्हणाली, "पण ते तिथं आहे म्हणून बरं वाटायचं."

अंबादास हसला आणि टेपचं बंडल तिच्या हातात दिलं. त्या हसण्याची त्याला पुढं फार लाज वाटली.

आता हा सोबती म्हणजे काय, ते सांगायला पाहिजे. दिसायला साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी, दाराच्या चौकटीवर बसवलेली. तिच्यातून अगदी बारीक रेडिओलहरी निघतात, समोरच्या माणसाच्या छातीवर आपटून परत येतात. श्वासानं छाती दोनचार मिलिमीटर हलते, हृदयाच्या ठोक्यानं केसभर. तेवढी हालचाल ही डबी कपड्यांवरून मोजते, आणि मूल कुणाचं ते त्याच्या ओळखपत्रावरून ओळखते. शांत माणसाचे ठोके घड्याळासारखे एकसारखे नसतात. श्वास घेताना ते जरा घाई करतात, सोडताना रेंगाळतात. माणूस आतून कोसळत असेल तर ही लवचीक चाल जाते, नाडी पळायला लागते, श्वास उथळ होतो, पाऊल वेडंवाकडं पडतं. लाखो माणसांच्या नोंदींवरून सोबतीला हे शिकवलेलं होतं.

कारणही तसंच होतं. शहराशहरांतून परीक्षेच्या दिवसांत पोरं गच्चीवर जात होती आणि परत येत नव्हती. संशोधकांचं म्हणणं असं, की ती लाट बहुतेक वेळा काही मिनिटांतच ओसरते, त्या मिनिटांत कुणीतरी आडवं यायला पाहिजे. म्हणून सोबती आडवा यायचा. समोरचं मूल सैरभैर आहे असं वाटलं की दार चार मिनिटं बंद ठेवायचा, आणि मालकाला नि आईबापांना मेसेज धाडायचा. चार मिनिटांनी परत बघायचा. खोटं कशाला बोला, त्यानं पोरं वाचली. पण हिरवं बटण राहिलं तर सैरभैर मूल ते दाबून निघून जाणार. म्हणून सोबती बनवणाऱ्या कंपनीचा पहिला नियम होता, बटण काढा.

अंबादासनं एकतीस दारांची बटणं काढली. प्रत्येक दाराला त्यानं उस्तादाची रीत पाळली. त्याचे उस्ताद रज्जाकभाई, गंजगोलाईच्या बाजारात कुलपांचं दुकान होतं त्यांचं. त्यांची एकच शिकवण होती. कुलूप ज्यानं बसवलं त्यानं आत थांबायचं, दार लावून घ्यायचं, आणि आपल्या पायानं बाहेर यायचं. मगच चहाला हात लावायचा. अंबादास एकतीस वेळा आत थांबला, एकतीस वेळा दाराकडे चालत गेला. दर वेळी दोन पावलं अलीकडेच कुलूप खट्ट करून सुटलं. बाहेर येऊन त्यानं चहा प्यायला.

एक गोष्ट मात्र त्यानं बिराजदारांच्या दाराला चुकवली, आणि ती त्याच्या मनाला टोचत होती. रज्जाकभाई बटणाची तार कधी यंत्राच्या डोक्याकडे नेत नसत. कुलपाला जाणारी वीजच ते बटणातून फिरवून नेत. बटण दाबलं की वीज तुटली, चुंबक मेला, दार सुटलं, यंत्राला विचारायची गरजच नाही. अंबादासही तसंच करायचा. कंपनीचं सांगणं होतं, ती जुनी तार काढून टाका आणि छतातल्या बॅटरीच्या पेटीपासून कुलपापर्यंत नवी, अखंड तार ओढा. त्यासाठी छत उघडावं लागणार होतं. बिराजदार म्हणाले, "अंबादासभाऊ, पोरांच्या डोक्यावर धूळ पाडू नका, परीक्षा तोंडावर आलीय." मग अंबादासनं बटण काढलं, त्याच्या मागच्या दोन तारा एकमेकींना पिळल्या, त्यांवर टेप गुंडाळून घेतली, डबीत कोंबल्या आणि वर कोरं झाकण बसवलं. कंपनीच्या फॉर्मवर त्यानं 'नवी तार' ह्या शब्दांपुढं बरोबरची खूण केली. कामात खोटेपणा करायची त्याची ही पहिलीच वेळ.

टेप शिवकन्येनं गुंडाळली होती. लहानपणापासून तो तिला बरोबर न्यायचा. पीळ तो द्यायचा, टेप ती.

सोबती आला आणि घरातलं वातावरण बदललं. अंबादासच्या मोबाइलवर आता लेकीची नाडी यायची. सकाळी आत जातानाची, मधे पाणी प्यायला दाराशी आल्याची, संध्याकाळी बाहेर येतानाची. घरी आली की तो विचारायचा, "आज पावणेबाराला तुझे ठोके नव्वदवर का गेलते?" तिची आई, सरस्वती, म्हणायची, जेवू तरी द्या पोरीला. शिवकन्या भाकरी मोडत राहायची. अंबादासला वाटायचं, आपण काळजीच करतोय की. त्याच्या शेजारच्या गल्लीतला एक मुलगा मागच्या वर्षी गेला होता, आणि त्याच्या बापाचा चेहरा अंबादासच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

त्या मंगळवारी सकाळी ठिणगी पडली.

"परवा रात्री झोपली नव्हतीस वाटतं," अंबादास म्हणाला. "काल सकाळी सातलाच पंच्याऐंशी दाखवत होतं."

शिवकन्येनं बॅग खाली ठेवली. "पप्पा, मी समोर बसलेय की. मला विचारा ना. तुम्ही मला काहीच विचारत नाहीत, दाराला विचारता."

"तू खरं सांगतीस का?"

बोलून गेला, आणि लगेच त्याला कळलं की काय बोललो. शिवकन्येचे डोळे भरले. ती निघून गेली, डबाही राहिला.

दुपारी अडीचला वीज गेली. तासाभरानं, अंबादास औसा रोडवरच्या एका अभ्यासिकेत शिडीवर चढून बत्तिसाव्या दारावर सोबती बसवत असताना, खिशात मोबाइल थरथरला.

'आपल्या पाल्याची मनःस्थिती अस्थिर आढळली आहे. दार चार मिनिटं थांबवलं आहे. काळजी नसावी. सोबती.' खाली आकडा, नाडी एकशे चार.

अंबादासला लगेच आठवलं, सकाळचं भांडण. आपणच रडवली तिला, आता ती तिथं बसून रडत असेल. जावं का? पण गेलो तर म्हणेल, आलात दाराला विचारून. तो शिडीवरच थांबला. सोबती बघतोय की, असं त्यानं स्वतःला समजावलं.

चार मिनिटांनी दुसरा मेसेज. एकशे अठरा.

आणखी चार मिनिटांनी तिसरा. एकशे एकतीस.

तिसऱ्याला तो शिडीवरून उतरला. भांडणाची नाडी उतरते, हे त्याला दोन महिन्यांच्या आकड्यांवरून चांगलं ठाऊक झालं होतं. ही चढत होती. त्यानं पिशवी तिथंच टाकली आणि स्कूटर काढली. वाटेत सिग्नलला चौथा मेसेज आला, तो त्यानं उघडलाच नाही.

अभ्यासिकेसमोर जनरेटर धडधडत होता. बाजूच्या बोळात, जिथून तळघरात हवा ओढली जाते तिथं, रसवंतीवाल्यानं नवाकोरा पत्रा ठोकून आडोसा केला होता. जनरेटरचं धुराडं त्या आडोशाच्या आत तोंड करून उभं. अंबादासनं ते बघितलं आणि पुढं गेला, डोक्यात नोंद मात्र राहिली.

आत काउंटरवर बिराजदार सर घामाघूम होऊन फोनवर बोलत होते. पुढ्यातल्या टॅबवर लाल ठिपके होते. अकरा.

"कंपनीशीच बोलतोय, अंबादासभाऊ. दाराशी आलेली अकरा पोरं अस्थिर दाखवतंय. ते म्हणतात, एकाला बघून दुसरा घाबरतो, असं होतं परीक्षेआधी. आत्ता दार उघडलं तर चेंगराचेंगरी होईल, गच्चीकडे कुणी पळेल. समुपदेशक निघालाय, वीस मिनिटांत येतो."

"तुमचं कार्ड लावा दाराला."

"चालत नाही. दार थांबलेलं असताना त्यांनी परवानगी दिली तरच कार्ड चालतं. तुम्हीच तर बसवलंय."

अंबादास जिना उतरला. खाली डिझेलचा किंचित वास होता, फार नाही. त्यानं काचेला डोळा लावला.

पोरं पळत नव्हती. ओरडत नव्हती. प्लायवूडच्या आडोशांतून डोकी टेबलावर टेकलेली दिसत होती, झोपल्यासारखी. एक मुलगी जमिनीवर बसून ओकत होती. आणि दाराशी, भिंतीला हात लावून, शिवकन्या उभी होती. गाल लाल, ओठ कोरडे, पाय लटपटत होते. ती दाराकडे एक पाऊल टाकायची आणि वरची डबी तांबडा दिवा लावायची.

घाबरलेली पोरं अशी दिसत नाहीत, हे अंबादासला क्षणात कळलं. अठरा वर्षांचा असताना तो जनरेटरच्या गॅरेजात होता, तिथं शटर लावून इंजिन चालवलं म्हणून एक मेकॅनिक गेला होता. त्या माणसाचे गालही असेच लाल होते.

धुराड्यातून एक वायू येतो, कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, धूर नाही, म्हणून छतावरचं धुराचं यंत्र गप्पच बसलेलं. रक्तात जिथं ऑक्सिजननं बसायचं तिथं हा ठाण मांडतो. मग अंगाला प्राणवायू पुरवायला हृदय जिवाच्या आकांतानं पळतं, डोकं ठणकतं, पाऊल लटपटतं. सोबतीनं अगदी तेच बघितलं होतं. पळती नाडी, उथळ श्वास, वेडंवाकडं पाऊल. त्याला ठाऊक असलेलं एकच नाव त्यानं त्याला दिलं, आणि दार बंद ठेवलं. जितकं विष चढत होतं तितकं त्याला दार उघडणं धोक्याचं वाटत होतं.

"सर, जनरेटर बंद करा," अंबादास जिन्यातून ओरडला. "पोरं घाबरलेली नाहीत. धुराड्याचा गॅस आत जायलाय. अँब्युलन्स बोलवा."

बिराजदारांच्या हातातला फोन खाली पडला. ते बोळाकडे धावले.

पण जनरेटर बंद झाला तरी आतला वायू आतच राहणार होता. कुलूप बॅटरीवर होतं, बॅटरीची पेटी आतल्या छतात, बाहेरून कुणाला हात लावता येऊ नये म्हणून अंबादासनंच तिथं बसवलेली. चुंबकाची ताकद अडीचशे किलोंची. त्यानं दाराला दोनदा खांदा मारला. दार जागचं हललं नाही. पहार आणायला वर जावं तर किती वेळ जाईल, आणि तोवर आत काय होईल, हे त्याला मनातसुद्धा आणवत नव्हतं. एकतीस वेळा आपण आत उभे राहिलो, त्याला आठवलं. एकतीस वेळा धडधाकट, शांत, चहाची वाट बघत. हे दार आपण तपासलंच नव्हतं. रज्जाकभाईंची रीत पाळली असं समजून आपण नुसतं चालून आलो.

आणि मग त्याला ते कोरं झाकण आठवलं.

त्यानं काच बडवली. शिवकन्येनं मान वर केली. बापाला ओळखायला तिला वेळ लागला. रबराच्या फटीला तोंड लावून तो ओरडला, "झाकण. बटणाचं झाकण काढ." तिला ऐकू गेलं नाही, तिनं कानाला हात लावला. तिचे डोळे मिटायला लागले होते.

अंबादास चौकटीच्या बाजूच्या भिंतीपाशी गेला. पलीकडे डबी नेमकी कुठं आहे हे त्याच्या हाताला पाठ होतं. चौकटीपासून वीतभर, छातीची उंची. त्यानं तिथं मुठीनं ठोकलं. एक, दोन, तीन. परत काचेपाशी आला. शिवकन्या भिंतीकडे बघत होती. त्यानं काचेसमोर दोन्ही हातांची बोटं धरली, आधी पीळ देऊन दाखवला, मग उलटा पीळ, मग दोन्ही हात ताडकन लांब केले.

शिवकन्येचे ओठ हलले. टेप, असं ती म्हणाली असावी.

तिनं नखानं झाकण उचकटायचा प्रयत्न केला, नख मोडलं. ती भिंतीवरून घसरत खाली बसली. "शिवू, ऊठ. बाळा, ऊठ," तो काचेवर कपाळ टेकून म्हणत राहिला, ऐकू जात नाही हे माहीत असून. खाली बसल्या बसल्या तिनं कंबरेच्या पट्ट्याला लावलेलं ओळखपत्र ओढून काढलं, गुडघ्यावर उठली, ओळखपत्राची कड झाकणात घातली आणि अंगाचा भार टाकला. झाकण उडालं. तारांचं वेटोळं बाहेर लोंबलं. टेपचं टोक तिला सापडेना. ते तिनंच आत दुमडून चिकटवलं होतं, सुटू नये म्हणून. मग तिनं टेप दातात धरली आणि दोन्ही तारा दोन हातांनी ओढल्या.

खट्ट.

अंबादासनं दार इतक्या जोरात ढकललं की ते भिंतीवर आदळलं. तिला काखेत धरून त्यानं जिन्यावर आणलं, उन्हात झोपवलं, आणि परत आत गेला. बिराजदार, रसवंतीवाला, रस्त्यावरची माणसं, सगळी तोंडाला फडकं लावून खाली उतरली. त्या दुपारी आत असलेली सव्वीसच्या सव्वीस पोरं बाहेर काढली. चौदा नंबरच्या खुर्चीवरची मुलगी दोन दिवस ऑक्सिजनवर होती, मग तीही शुद्धीवर आली. कुणी गेलं नाही.

दवाखान्याच्या आवारात अंबादास लिंबाच्या सावलीत बसला होता तेव्हा मोबाइल परत थरथरला. 'आपलं पाल्य सुरक्षित आहे. सोबतीनं आज सहा वेळा काळजी घेतली.' त्यानं ते दोनदा वाचलं आणि पहिल्यांदाच हुंदका देऊन रडला.

रात्रीतून कंपनीची माणसं आली, चौकशी झाली. अंबादासनं फॉर्मवरची खोटी खूण स्वतःहून दाखवली. नवी तार ओढली असती तर दार उघडलंच नसतं, हेही त्यानं सांगितलं. कंपनीनं त्याचं काम काढून घेतलं. पण बिराजदार सरांनी आणि बाकी तीस मालकांनी त्याला परत बोलावलं. सोबती राहू द्या, ते म्हणाले, तो मेसेज पाठवू दे, पण बटण परत लावा, रज्जाकभाईंच्या पद्धतीनं.

आठव्या दिवशी सकाळी अंबादासनं बिराजदारांच्या तळघरात हिरवं बटण बसवलं. पीळ त्यानं दिला, टेप शिवकन्येनं गुंडाळली. रसवंतीचा पत्रा गेला होता, जनरेटर गच्चीवर गेला होता, हवा स्वच्छ होती. तरी त्या खोलीत पाऊल टाकताना लेकीनं भिंतीचा आधार घेतलेला त्यानं बघितला होता.

स्क्रू आवळून तो उठला. "चल, तू बाहेर जा. मी आत थांबून दार लावून घेतो."

शिवकन्या जागची हलली नाही. "तुम्ही नको पप्पा. तुम्हाला काही वाटत नाही आत थांबायला. मी थांबते."

"तुला भीती वाटायलीय. तुझे हात बघ."

"वाटायलीय," ती म्हणाली. "म्हणूनच मी."

त्याला नाही म्हणायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. तो बाहेर गेला आणि दार लावलं. कुलूप बसल्याचा आवाज आला.

काचेतून बघायचं नाही असं त्यानं ठरवलं आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसला. खिशात मोबाइल थरथरला. थोड्या वेळानं परत थरथरला. म्हणजे आत तिची नाडी पळत होती आणि सोबती दार धरून होता. अंबादासनं मोबाइल काढला नाही. दोन्ही हात गुडघ्यांत दाबून तो दाराकडे बघत बसला, किती वेळ ते त्याला कळलं नाही.

खट्ट.

दार उघडलं. शिवकन्या उंबऱ्यात उभी होती, घामेजलेली, धापा टाकत. वरच्या डबीचा दिवा अजून तांबडाच होता.

"चालतंय पप्पा," ती म्हणाली.

अंबादास उठला. "कसं वाटतंय?" त्यानं विचारलं, आणि तिच्या उत्तराची वाट बघत उभा राहिला.